बेडकीच्या पाल्याची इर्जिक

माझ्या खाकी शर्टाच्या एका खिशात पेन असतं आणि दुसऱ्या खिशात बेडकीचा पाला. पेन कधीमधी घरी विसरतं. पाला विसरत नाही.

मी एसटीत कंडक्टर आहे. भोर ते वेल्हे हा माझा रस्ता, आणि वेल्ह्याच्या वर, पासलीच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत आमची वाडी. बेडकी ही आमच्या त्या डोंगरातली एक वेल. करवंदीच्या जाळीवर चढते, बांधावर लोळते, कुणाच्या डोळ्यांत भरावं असं तिच्यात काही नाही. पण तिचं एक पान नीट चावावं, तोंडभर फिरवावं, थुंकून टाकावं आणि मग गुळाचा खडा जिभेवर ठेवावा. गूळ गायब! तोंडात राहते ती नुसती ओली माती. साखर खाल्ली तर नदीची रेती. अर्धा-पाऊण तास जिभेला गोड म्हणून काही कळतच नाही.

आता एवढं हत्यार हाताशी असताना आणि समोर रोज भरलेली गाडी असताना माझ्यासारख्या माणसानं नुसती तिकिटं फाडत बसावं, ही अपेक्षा तुम्ही तरी कराल का?

एकदा एक गृहस्थ मांडीवर पेढ्यांचा खोका घेऊन बसले होते. मुलाचं लग्न ठरवून निघालेले. मार्गासनीपासून त्यांनी जे सुरू केलं, की असा पेढा तुमच्या तालुक्यात मिळायचा नाही, आमच्याकडं म्हैस वेगळी, हलवाई वेगळा. मी अत्यंत अदबीनं म्हणालो, "पाहुणे, पुढं वळणं लई. हे पान चावून थुंका, मळमळत न्हाई." पाहुण्यांनी चावलं. वळणंही संपली. मग मी म्हणालो, "आता द्या की तो नामांकित पेढा, आणि तुमीबी घ्या." त्यांनी घेतला. चघळला. थांबले. दुसरा घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरून सगळे ऋतू सरकून गेले. शेवटी खोक्यावरचं दुकानाचं नाव वाचत म्हणाले, "हलवायानं गंडवलं की वो!" तोवर गाडीतल्या वेल्ह्याच्या माणसांना हसू आवरेना. खरं सांगितलं तेव्हा पाहुण्यांनी माझ्या पाठीत एक गुद्दा घातला आणि उतरताना दोन पानं मागून घेतली. व्याह्यांसाठी.

दैवालाही असले विनोद जमतात. इतक्यांचं गोड मारणाऱ्या माणसाला काही वर्षांपूर्वी भोरच्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "साखर वाढलीय. गोड बंद. गोळी रोज." घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "बेडकीचा शाप बसला." आणि त्या दिवसापासून घरातला गुळाचा डबा कुठं असतो, हे ती मला अजून कळू देत नाही.

पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या लेकीची आहे. मी फक्त मधे मधे येऊन घोळ घालतो.

ती पहिलीत असताना मी हा खेळ तिच्यावरही केला होता. दुसरं पोर असतं तर भोकाड पसरलं असतं. हिनं काय करावं? तोंडातला गुळाचा खडा काढला, धुतला आणि आईच्या तोंडात कोंबला.

"गोड हाय?"

"हाय की."

"मग गूळ बरा हाय. माझी जीभ बिघडली." एवढं बोलून ती माझ्याकडं वळली. "बाबा, हे पान गिळलं तर पोटात पण कायतरी बंद करतं का?"

मी तिच्या हातात रिकाम्या तिकीटरोलची पुंगळी दिली आणि सटकलो. पोरीनं मात्र तो प्रश्न सोडला नाही. वेल्ह्याची शाळा, भोरचं कॉलेज असं करत करत ती पुण्याला एका प्रयोगशाळेत पीएच.डी.ला लागली, तेव्हा मी विचारलं, "कशावर करतीयेस गं?" तर म्हणाली, "बेडकीवर. तुम्ही उत्तर दिलं नव्हतं ना."

तिचं काम मला समजलं ते माझ्या भाषेत, आणि ते मी तुम्हालाही माझ्याच भाषेत सांगणार. आपल्या पोटात जठराच्या मागं स्वादुपिंड असतं. त्यातल्या काही पेशी इन्सुलिन बनवतात आणि बारीक बारीक पिशव्यांत भरून ठेवतात. समजा, स्टँडवर गाड्या भरून उभ्या आहेत. पण सुटत नाहीत. रक्तात साखर वाढली, ती पेशीत शिरली, की आत विजेचा छोटासा खेळ होतो, कॅल्शियम आत येतं आणि मग त्या पिशव्या दाराशी येऊन बाहेर रित्या होतात.

"म्हणजे साखर हे पॅसेंजर," मी म्हणालो, "आणि कॅल्शियम ही डबल बेल."

लेकीनं ते वहीत लिहून घेतलं. "बाबा, हे मी आमच्या गाईड मॅडमना सांगू?"

त्या दिवशी मी पासलीपर्यंत तरंगत गेलो.

तिला शोधायचं होतं ते एवढंच: बेडकीच्या पाल्यातलं जे द्रव्य जिभेवर गोडाची वाट अडवतं, तेच या पेशींवर टाकलं तर डबल बेल वाजते का? प्रयोगशाळेत तसल्या पेशी ताटलीत गुलाबी पाण्यात वाढवतात. त्यांना पाल्याचा अर्क द्यायचा, मग थोडी साखर, मग जास्त साखर, आणि इन्सुलिन किती बाहेर आलं ते मोजायचं.

पहिला पाला श्रावणात गेला. तो आमच्या काकीनं दिला. काकी म्हणजे माझी चुलती. वय विचारलं तर "लई झालं" म्हणते, पण डोंगर चढताना आमच्या पुढं असते. तिच्या परसातल्या कुंपणावर बेडकीची वेल आहे. काकी वेलीपाशी गेली, एक पान चावून थुंकली, कनवटीचा गूळ जिभेवर ठेवला, मान हलवली आणि मग पदरात पाला तोडला. त्या पदरभर पाल्यावर पुण्यात प्रयोग झाला आणि लेकीचा फोन आला: वाजली. डबल बेल वाजली. साखर दिली तेव्हा पेशींनी नेहमीपेक्षा जास्त इन्सुलिन सोडलं.

"झालं की मग!" मी म्हणालो.

"काही झालं नाही बाबा. एकदा आलं म्हणजे काही नाही. नव्या पाल्यावर परत यायला पाहिजे. आता जरा जास्त लागेल. काकीआजीला सांगा, तसाच तोडायला."

शेवटचं वाक्य मी ऐकलं. पण डोक्यात पहिलं गेलं. जास्त लागेल!

आमच्याकडं एकट्यादुकट्याला न झेपणारं काम असलं की इर्जिक घालतात. घरटी एक माणूस येतो, सगळे मिळून एका दिवसात काम उडवतात, मजुरी कुणी मागत नाही, ज्याचं काम त्यानं जेवण घालायचं. भातलावणीची इर्जिक असते, घर शाकारायची असते. पाल्याची इर्जिक आमच्या डोंगरात कुणी ऐकली नव्हती. ती मी घातली. देवळाच्या कर्ण्यावरून स्वतःच्या आवाजात पुकारा केला: "आपल्या वाडीच्या लेकीला पुण्याच्या प्रयोगशाळेत बेडकीचा पाला पाहिजे! घरटी एक माणूस, एक ओझं! दुपारी आमच्याकडं लापशी!"

लावणी उरकलेली होती, माणसं मोकळी होती, आणि लापशीचं नाव काढल्यावर जी मोकळी नव्हती तीही झाली. दुपारपर्यंत आमच्या अंगणात पाल्याचा डोंगर. सगळ्यांत मोठा भारा माझ्या थोरल्या चुलत भावाचा. त्याला आम्ही दादा म्हणतो. भारा टाकून मिशीवर हात फिरवत दादा म्हणाला, "माझ्या बांधावरची येल. तालुक्यात असली बेडकी न्हाई." मीही मागं नव्हतो. माझ्या स्वतःच्या बांधावरही एक वेल सापडली होती आणि तिचं मला फार कौतुक होतं.

काकी ढिगाकडं बघून एवढंच म्हणाली, "आरं, चाखून घ्या रं. बेडकी नुसती डोळ्यांनी वळखत न्हाईत."

"काकी," मी म्हणालो, "एवढी माणसं चाखत बसली तर कापणी येईल!"

सगळे हसले. मला टाळी मिळाली की पुढचं दिसत नाही, हा माझा जुना रोग, साखरेच्या आधीचा. सगळा पाला एकत्र वाळवला, पोत्यात कोंबला आणि मी स्वतः त्याला माझ्या गाडीतून मिरवत नेलं.

काही दिवसांनी गाडी मार्गासनीला उभी असताना फोन वाजला.

"बाबा, इन्सुलिन खूप आलंय."

"किती गं?"

"पहिल्यापेक्षा कितीतरी पट. पण बाबा, ऐका..."

"ऐकलं, ऐकलं!" मी ओरडलो आणि फोन ठेवून दोरी अशी ओढली की ड्रायव्हर दचकला. गाडीतल्या प्रत्येक माणसाला मी ती बातमी तिकिटाबरोबर दिली. पुढचे चार दिवस लेकीचा फोन आला की मी तिला बोलूच देत नव्हतो, आधी कोण काय म्हणालं तेच सांगत सुटायचो. शेवटी ती म्हणाली, "मी रविवारी येते. समोर बोलू." मला वाटलं, सत्काराला येतेय.

रविवारी ती माझ्याच गाडीनं आली. दमलेली होती, खिडकीला डोकं टेकून झोपली होती. मी मनातल्या मनात हसत होतो, कारण वेल्ह्याच्या स्टँडसमोर तिच्यासाठी एक गंमत टांगलेली होती. गाडी थांबली. लेक उतरली. समोर फ्लेक्स. मधे तिचा फोटो, चारी बाजूंनी शुभेच्छुक, सगळ्यांत मोठा काळा गॉगल लावलेला दादा, कोपऱ्यात हात जोडून मी. वर ठळक अक्षरांत: इन्सुलिनचा उच्चांक!

तिनं तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"हे कुणी लावलं?"

"दादानं. मजकूर माझा."

"बाबा," ती हळूच म्हणाली, "पेशी मेल्यात."

घरी पडवीत बसून तिनं सगळं सांगितलं. जिवंत पेशी आहे का मेलेली, हे बघायला त्यांच्याकडं एक निळा रंग असतो. जिवंत पेशी तो रंग आत येऊ देत नाही. मेली, तिची भिंत फाटली, की निळी होते. इर्जिकेच्या पाल्यावर सगळ्या ताटल्या निळ्या झाल्या होत्या. भिंत फाटली म्हटल्यावर आत साठलेलं सगळं इन्सुलिन एकदम बाहेर सांडलं. म्हणून आकडा मोठा.

"म्हंजी गं काय?" तिची आई म्हणाली.

लेकीनं माझ्याकडं बघितलं. "बाबांच्या भाषेत सांगते. गाडी दरीत कोसळली, दारं तुटली आणि माणसं बाहेर फेकली गेली. आणि यांनी फ्लेक्स लावला, की गाडी वेळेच्या आधी खाली झाली."



"त्याहून वाईट म्हणजे," ती म्हणाली, "आता मॅडमना पहिल्या निकालाचीपण शंका यायला लागलीय. तेव्हाही पेशी थोड्या फाटल्या असतील तर? बेडकीबद्दल सगळे हाच प्रश्न विचारतात, की ती खरंच बेल वाजवते का नुसतं दार मोडते. दिवाळीच्या आत एकदा नीट करून दाखव, म्हणाल्यात. नाही जमलं तर तेवढा भाग काढून टाकायचा."

"तेवढा भाग म्हणजे किती?"

"तीन वर्षं, बाबा. श्रावणाआधीची सगळी तयारी त्यासाठीच होती."

ती रडली नाही. तिनं पिशवीतून इर्जिकेच्या पाल्यातला उरलेला मूठभर काढला, काकीच्या पुढं सुपात पसरला आणि म्हणाली, "आजी, बघा." काकीनं वाळकी पानं एक एक करून उचलली, बोटांत चोळली, उजेडात धरली. थोड्या वेळात सुपात दोन ढीग झाले. "ही बेडकी. ही न्हाई. ही दुसरीच येल हाय, दिसाया बहीण पर वागाया सवत. म्या सांगत हुते, चाखून घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेल्ह्याला गेलो, हॉटेलवाल्याची शिडी मागितली आणि फ्लेक्स स्वतःच्या हातानं उतरवला. बाजारातल्या लोकांनी विचारलं, "काय वो, वाऱ्यानं फाटला का?" मी म्हणालो, "न्हाई. म्या उतरवला. आकडा खोटा हुता." एवढं बोलायला मला लापशीच्या पुकाऱ्यापेक्षा जास्त दम लागला.

लेकीनं आता कामाची रीत आपल्या हातात घेतली. पाला वेलीवेलीचा वेगळा. प्रत्येक पिशवीवर वेल कुणाच्या बांधावरची, ते लिहायचं. आधी ती भिंगातून पान बघणार, पानांवरची बारीक लव, पानांची जोडी. मग काकी बघणार. दोघींनी हो म्हटलं तरच ते पान माणसानं चावायचं आणि चावून थुंकायचं, गिळायचं नाही. मग गुळाचा कण. गूळ गोड लागला तर वेल बाद, कारण काकी म्हणाली, दिसायला पक्की असूनही एखादीत गुण नसतो.

यात एक अडचण निघाली, आणि ती बघून माझा जीव पुन्हा हरखला. एकदा खरी बेडकी चावली की जीभ पाऊण तास मेलेली. मग दुसऱ्या वेलीचा निकाल ती काय देणार? एका जिभेवर एकच वेल! वेली तर बऱ्याच.

"म्हणजे जिभा लागणार," मी म्हणालो.

लेक पहिल्यांदा हसली. "घाला तुमची इर्जिक."

दसऱ्याच्या आदल्या रविवारी आमच्या अंगणात तो उतरवलेला फ्लेक्स उलटा अंथरला. माझे जोडलेले हात आणि दादाचा गॉगल मातीकडं तोंड करून, वर पांढऱ्या बाजूवर पिशव्या ओळीनं मांडलेल्या. ज्याची वेल त्यानं तिच्यापुढं बसायचं. भिंग आणि काकी यांनी काही पिशव्या आधीच उचलून बाजूला केल्या होत्या, त्यांचे मालक कडेला तोंड पाडून उभे. उरलेल्यांच्या हातात एक एक पान आणि तिळाएवढा गुळाचा कण.

"ह्यांना गूळ नगं," बायको म्हणाली. "ह्यांना साखर हाय."

"तिळाएवढा चालेल आई," लेक म्हणाली. "घोळ त्यांनीच घातलाय, चाखू दे."

मी पान चावलं, थुंकलो, गूळ जिभेवर ठेवला. आणि काय सांगू तुम्हाला! किती वर्षांनी! तो एवढासा कण सगळ्या तोंडाला कवेत घेत विरघळला. जगात इतकं गोड काही असतं, हे मी विसरून गेलो होतो. आणि त्याच क्षणी कळलं, की गोड लागलं याचा अर्थ माझी वेल खोटी. एका बाजूला तोंडात दिवाळी, दुसऱ्या बाजूला माझ्या बांधावरची नामांकित बेडकी निकालात. 'माती' एवढं म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण समोर लेक वही घेऊन उभी होती, माझ्याकडं न बघता, माझ्या उत्तराची वाट बघत.

मी उभा राहिलो. देवळाच्या कर्ण्याला लाजवील अशा आवाजात म्हणालो, "गोड! माझी येल बाद!"

लेकीनं वहीत फुली मारली. मान वर केली नाही. पण फुली मारताना तिच्या ओठाचा कोपरा हलला, तो मी पाहिला.

मग ओळीनं निकाल सुरू झाले. "माती." "रेती." "निस्ता पाला." एकीनं तर "राख!" म्हणून अशी पिचकारी टाकली की कोंबड्या पळाल्या. दादाची पाळी आली. त्यानं पान चावलं, गूळ ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "माती."

आता इतकी वर्षं मी बिनतिकिटाची माणसं नुसत्या तोंडावरून ओळखत आलोय. तिकीट नसलेला माणूस खिडकीबाहेर फार मन लावून बघतो. दादा 'माती' म्हणाला आणि समोरच्या तोरणा किल्ल्याकडं फार मन लावून बघायला लागला. आणि मग त्याची जीभ हळूच बाहेर आली आणि मिशीच्या कडेवरून फिरून आत गेली.

"दादा," मी म्हणालो, "माती खाल्लेला माणूस मिशी चाटत न्हाई."

"आरं गप कंडक्टर! माती म्हंजी मातीच!"

"मग अजून एक कण घेतोस का मातीचा?"

"दे की," दादा पटकन म्हणाला आणि हात पुढं केला.

सगळं अंगण हसून लोळलं. दादाही हसला. आपली सगळ्यांत मोठी पिशवी स्वतःच उचलून गोठ्याकडं नेत म्हणाला, "लिव्ह पोरी, गोड. लई गोड." लेकीनं लिहिलं आणि त्याच्या पाया पडली. दादाला ते अपेक्षित नव्हतं. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

उरलेला पाला सावलीत वाळला, वेगवेगळ्या पिशव्यांत पुण्याला गेला. आणि मग वाट बघणं आलं. कापणी सुरू झाली. गाडीत कुणी विचारलं, "काय झालं पोरीचं?" तर मी म्हणायचो, "चाललंय." मला इतकं थोडं बोलताना ऐकून माणसं बायकोकडं माझ्या तब्येतीची चौकशी करायची.

फोन पुन्हा मार्गासनीलाच आला. गाडी उभी होती, ड्रायव्हर चहाला उतरला होता.

"बाबा, इन्सुलिन आलंय."

आतून अख्खा माणूस उसळला. मी त्याला दाबून बसवला. "पुढं बोल. मी ऐकतोय."

"पहिल्या पाल्याइतकंच. जास्त नाही."

"निळ्या?"

"नाही बाबा. निळ्या नाहीत. जिवंत आहेत. आणि साखर कमी होती तेव्हा गप्प बसल्या. साखर वाढवली तेव्हाच सोडलं. तीनदा केलं, तीनही वेळा. मॅडम म्हणाल्या, हा भाग राहू दे."

"पण?" मी विचारलं. "पण काय? सांग, काय असेल ते सांग."

"पण काही नाही. एवढंच, की या ताटलीतल्या पेशी आहेत. माणसाच्या पोटात काय होईल ते यातून कळत नाही. तुम्ही गोळी घेतलीत का सकाळी?"

"घेतली."

फोन ठेवला तेव्हा सगळी गाडी माझ्याकडं बघत होती. एक म्हातारेबुवा म्हणाले, "मग आता आमी गोळ्या सोडून पाला खावा का वो?" मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि गुलाबी पाणी, ताटली, निळा रंग सगळं समजावून सांगितलं. गोळ्या सोडायच्या नाहीत हे तीनदा म्हणवून घेतलं. ड्रायव्हर येऊन हॉर्न वाजवून दमला. मग मी उठलो आणि दोरी ओढली. दोनदा, नीट, सावकाश.

माझी पोर हुशार आहे, हे मला ती पहिलीत असल्यापासून माहीत आहे. अभिमान वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. सगळ्यांत मोठा आकडा हातात आला होता, गावानं फोटो टांगला होता, आणि ही पोर एवढा प्रवास करून आली ती हा आकडा खोटा आहे हे सांगायला. असं करायला जी छाती लागते ती माझ्याकडून तिच्यात आली असेल, अशी मी फार आशा करतो. पण खरं सांगायचं तर ती काकीकडून आलीय.

दिवाळीला दादा गप्प बसणार होता का? तो म्हणाला, "फ्लेक्स लागणारच." लेक नको म्हणाली. दादा रुसला. शेवटी तडजोड झाली, की फ्लेक्स लागेल पण मजकूर तिचा. आता वेल्ह्याच्या स्टँडसमोर तो टांगलेला आहे. फोटोत काकी मधे, सुपासकट. दादा गॉगलशिवाय. मी कडेला. आणि खाली जो मजकूर आहे, तसा महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर असेल तर मी माझी मिशी उतरवीन: सदर निष्कर्ष ताटलीतील पेशींपुरता आहे. कोणीही गोळ्या बंद करू नयेत.

गाडी तिथं थांबली की मी उतरणाऱ्या प्रत्येकाला तो मोठ्यानं वाचून दाखवतो. पूर्ण. शेवटच्या शब्दापर्यंत.